जुन्या गाडीचा ऑटो एसी बिघडलाय? गॅस भरण्याआधी एवढं तपासा

दोन उन्हाळ्यांत तीन वेळा गॅस भरून झाला होता. माझी २००९ सालची सेडान, आकडा लावून ठेवायचा ऑटोमॅटिक एसी. दर वेळी एसीवाला गॅसचा दाब मोजायचं गेज लावायचा, "थोडा कमी आहे" म्हणायचा आणि आठवडाभर मलाही वाटायचं की फरक पडलाय. तिसऱ्या खेपेनंतर मे महिन्यात पुण्याहून नाशिकला निघालो. नारायणगाव मागे पडलं आणि झरोक्यांतून पुन्हा कोमट वारा यायला लागला. शेजारी बसलेल्या भाचीने मीटरमधल्या कोपऱ्यातल्या छोट्या आकड्यावर बोट ठेवलं. "मामा, बाहेर उणे तीस कसं दाखवतंय?"

बाहेर चाळीसच्या वर ऊन होतं. पुढच्या बंपरच्या जाळीमागे बाहेरचं तापमान मोजणारा एक छोटासा सेन्सर असतो. आधीच्या वर्षी बंपर रंगवायला काढला होता, तो परत लावताना या सेन्सरचा कनेक्टर अर्धवट बसला होता. पाणी जाऊन पिना हिरव्या पडल्या होत्या. संपर्क लागला की एसी चालायचा, सुटला की गाडीला वाटायचं बाहेर कडाक्याची थंडी आहे, आणि ती कॉम्प्रेसर चालूच करायची नाही. गॅस भरताना बोनेटमध्ये खटपट व्हायची, पिना हलायच्या, आणि श्रेय गॅसला मिळायचं. दुरुस्ती झाली ती काँटॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करायच्या स्प्रेचा) एक फवारा आणि "टक्" आवाज येईपर्यंत दाबलेला कनेक्टर, एवढ्यावर.

म्हणून ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांची, 'ऑटो' बटण असलेली गाडी आहे (जुनी एसएक्स४, सिव्हिक, कोरोला अल्टिस, लॉरा अशा कितीतरी गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि सेकंड-हँड घेणारे नवे मालकही), त्यांच्यासाठी हे लिहितोय. साध्या एसीत बिघाड शोधताना एकच प्रश्न असतो: थंड का होत नाही? ऑटो एसीत त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो. गाडीला थंड करता येत नाहीये, की थंड करायची गरज नाही अशी चुकीची खबर तिला मिळतेय? पहिल्याचं उत्तर गॅस, कॉम्प्रेसर, पंखा यांत सापडतं. दुसऱ्याचं उत्तर सेन्सर, झडपा आणि वायरींत.

आत काय चाललेलं असतं

तुम्ही २४ लावता तेव्हा झरोक्यातून २४ अंशांची हवा येत नाही. केबिन २४ वर आणायची, असा तो हुकूम असतो. कंट्रोल युनिट केबिनमधल्या सेन्सरकडून आतलं तापमान घेतं, बंपरमागच्या सेन्सरकडून बाहेरचं, डॅशबोर्डवरच्या काळ्या टिकलीसारख्या सेन्सरकडून उन्हाचा जोर आणि कूलिंग कॉइलवरच्या सेन्सरकडून कॉइल किती गार झाली ते. या चार खबरींवरून ते ब्लोअरचा, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याचा, वेग ठरवतं, कॉम्प्रेसर चालू-बंद करतं आणि डॅशबोर्डच्या आत दडलेल्या झडपा फिरवतं. त्यातली सगळ्यात महत्त्वाची झडप म्हणजे मिक्स झडप. गार कॉइलवरून आलेली हवा कितपत हीटरवरून फिरवायची हे ती ठरवते. बहुतेक गाड्यांत हीटरमध्ये इंजिनचं गरम पाणी कायम खेळत असतं, त्यामुळे ही झडप अर्धवट उघडी राहिली तर कॉम्प्रेसर कितीही राबला तरी हवा कोमटच येते.

नव्या मालकांचा एक गैरसमज इथेच सांगतो. १८ लावल्याने गाडी लवकर गार होते असं नाही. उन्हात तापलेल्या गाडीत २४ लावलं तरी युनिट सुरुवातीला पूर्ण ताकदीनेच गार करतं आणि २४ जवळ आल्यावर हात आखडता घेतं. २४ वर ब्लोअर आपोआप मंदावला, तर तो बिघाड नाही.

हाताशी काय हवं, आणि काय जपायचं

स्वयंपाकघरात वापरतात तसला टोकदार डिजिटल थर्मामीटर, एक साधा मल्टीमीटर, टॉर्च, काँटॅक्ट क्लीनरचा डबा, टिश्यू पेपर. बस्स. ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर असेल तर असू द्या, पण तो बहुधा इंजिनचेच कोड वाचतो. एसीचं युनिट त्याला दिसत नाही.

आता जपायच्या गोष्टी. डॅशबोर्डच्या आत हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि काही मिनिटं थांबा, कारण तिथे एअरबॅग असतात. पिवळ्या रंगाच्या वायरी आणि कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही, मल्टीमीटर तर मुळीच नाही. (बॅटरी काढण्याआधी म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का ते पाहून ठेवा.) इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून बोटं लांब. आणि गॅसच्या पाइपांचा एकही जोड स्वतः सोडायचा नाही. सुटलेला गॅस कातडीवर पडला तर भाजल्यासारखी जखम होते, डोळ्यात गेला तर फार वाईट.

पहिली चाचणी: एकदम खाली, मग २४

ही पंधरा मिनिटांची चाचणी सगळ्यात जास्त सांगून जाते, तरी ती कुणी करत नाही.

सावलीत गाडी उभी करा, इंजिन गरम होऊ द्या. थर्मामीटरचं टोक मधल्या झरोक्यात खोचा. काचा बंद, रिसर्क्युलेशन (केबिनचीच हवा फिरवायचं बटण) चालू, तापमान अगदी खाली, म्हणजे 'लो' दिसेपर्यंत. बहुतेक गाड्यांत 'लो' लागलं की युनिट केबिन सेन्सरचं ऐकणं सोडतं, मिक्स झडप पूर्ण गारवर नेतं आणि ब्लोअर पूर्ण चालवतं. पाच मिनिटांनी आकडा लिहून घ्या. इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास धरलं तर धडधाकट एसी झरोक्यात सहा ते दहा अंश सहज देतो. भर उन्हात दोन-तीन अंश जास्त.

मग २४ लावा, 'ऑटो' दाबा आणि दहा मिनिटं बसून राहा.

'लो'वर झकास गार आणि २४ वर गडबड, म्हणजे गॅस आणि कॉम्प्रेसर ठीक, संशय सेन्सरवर. 'लो'वरही कोमट, पण बोनेटखाली कॉम्प्रेसरकडे जाणारा जाड पाइप गार आणि घामेजलेला, तर गारवा तयार होतोय आणि डॅशबोर्डच्या आत वाया जातोय. मिक्स झडप पाहा. 'लो'वर कोमट आणि पाइपही गरम, तर कॉम्प्रेसर चालतोय का ते बघा: एसी लावताक्षणी पुलीची पुढची चकती, म्हणजे क्लच, "टक्" करून फिरायला लागते. लागत नसेल तर फ्यूज, रिले, आणि गाडीला चुकीची खबर देणारा बाहेरचा सेन्सर, या क्रमाने जा. रिलेसाठी (हा वीज चालू-बंद करणारा छोटा ठोकळा) सोपी युक्ती म्हणजे फ्यूजच्या पेटीतला त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, अदलाबदल करून पाहणे. काही युरोपीय गाड्यांच्या कॉम्प्रेसरला हा क्लच नसतोच, पुली कायम फिरते. तिथे "टक्" शोधत बसू नका.

गाडी धावताना गार आणि सिग्नलला कोमट, हे लक्षण वेगळं. तिथे कंडेन्सरचा (रेडिएटरच्या पुढे असलेल्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा तपासा.

साफसफाई, कंटाळा न करता

ग्लव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढा. मी एका शेजाऱ्यांच्या गाडीतून काढला तेव्हा त्यात कडुलिंबाच्या काड्या, उंदराने कुरतडलेला कापूस आणि लेंड्या निघाल्या. फिल्टर काढलेल्या जागेत टॉर्च मारून ब्लोअरचा पंखाही पाहा. पावसाळ्यात उंदीर तिथे घर करतात, आणि तिथवर आलेला उंदीर वायर सोडत नाही. मग वायपरखालची जाळी. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पानांचा चिखल असतो. कंडेन्सरवर साध्या नळीने, कमी दाबाने पाणी मारा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने त्याच्या पातळ पात्या वाकतात आणि हवा जायची वाट बंद होते.

आता डॅशबोर्डवरचे गणपतीबाप्पा. काचेच्या अगदी जवळ, बहुधा मधोमध किंवा एका कोपऱ्यात, नखाएवढी काळी टिकली असते. तोच उन्हाचा सेन्सर. मूर्ती, घसरू नये म्हणून घातलेली चटई, टोलची पावती, स्कार्फ, यांतलं काहीही त्यावर असेल तर गाडीला ऊन दिसत नाही आणि दुपारी ती हवी तेवढी गार करत नाही. मूर्ती चार बोटं सरकवून बसवा. सुकलेल्या हाराच्या पाकळ्या काचेच्या फटीत पडतात, त्याही काढा. त्या आत जाऊन झडपेत अडकतात.

सेन्सर एकेक करून

केबिनचा सेन्सर स्टिअरिंगजवळ किंवा एसीच्या पॅनलवर, बारीक जाळीच्या मागे असतो. बहुतेक गाड्यांत त्याच्यावरून केबिनची हवा सतत ओढली जाते, कुठे छोट्या पंख्याने, कुठे ब्लोअरच्या ओढीने एका बारीक नळीतून. टिश्यू पेपरचा नाण्याएवढा तुकडा फाडा, त्याचे पदर सुटे करून एकच घ्या, ब्लोअर मध्यम ठेवा आणि तुकडा जाळीवर धरून सोडा. चिकटून राहिला तर ओढ आहे. पडला तर नळी सुटलीय किंवा जाळी धुळीने बंद झालीय. अशा वेळी सेन्सर केबिनची हवा न मोजता तापलेल्या डॅशबोर्डच्या पोटातली हवा मोजतो, आणि गाडी तुम्हाला कुडकुडवते. मऊ ब्रशने जाळी झाडा, व्हॅक्यूम क्लीनर लावा, सुटलेली नळी परत बसवा. मग २४ वर केबिन स्थिर झाल्यावर हेअर ड्रायर कमी ठेवून जाळीवर वीतभर लांबून धरा. मिनिटाभरात ब्लोअर वाढला तर सेन्सर जिवंत आहे.

बाहेरचा सेन्सर तर वर सांगितलाच. उणे ३० किंवा उणे ४० दाखवत असेल तर तार तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय. बाहेरचा आकडा दाखवायची सोय नसेल तर मल्टीमीटर घ्या. हे सेन्सर थर्मिस्टर जातीचे, तापले की त्यांचा रेझिस्टन्स घटतो. कनेक्टर काढा, मीटर रेझिस्टन्सच्या २० के-वर (२० किलो-ओम) ठेवा, सेन्सर मुठीत धरा. आकडा सावकाश, न अडखळता खाली आला पाहिजे. बर्फाच्या पाण्याच्या पिशवीला टेकवला की वर गेला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर सेन्सर गेला. नेमके किती ओम हवेत हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं, त्यासाठी त्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल पाहा. पण बरेच मेलेले सेन्सर या मुठीच्या चाचणीतच कळतात.

कूलिंग कॉइलवरचा सेन्सर वेगळाच त्रास देतो, आणि तो शहरात कळत नाही. त्याचं काम कॉइल गोठायच्या आत, शून्याच्या थोडं वर, कॉम्प्रेसर थांबवणे. तो जागेवरून निसटला तर कॉइलवर बर्फ साठत जातो. एक्सप्रेस-वेवर तासभर मस्त गार, मग खालापूरच्या आसपास ब्लोअर पूर्ण चालूनही झरोक्यातून जेमतेम फुंकर. फूड मॉलला चहा पिऊन वीस मिनिटांनी आलात की गाडीखाली पाण्याचं थारोळं आणि एसी पुन्हा ठणठणीत. हे लक्षण सांगितलंत तर चांगला मेकॅनिक गेज हातातही घेणार नाही.

गाडीलाच विचारा

बऱ्याच जुन्या ऑटो एसींत स्वतःची तपासणी करायची सोय असते. टोयोटाच्या त्या काळच्या अनेक गाड्यांत 'ऑटो' आणि रिसर्क्युलेशन ही दोन बटणं एकत्र दाबून धरायची आणि चावी 'ऑन'वर फिरवायची. आधी सगळे दिवे लुकलुकतात, मग आकडे येतात. ०० म्हणजे सगळं ठीक, ११ केबिनचा सेन्सर, १२ बाहेरचा, १३ कूलिंग कॉइलचा, २१ उन्हाचा. बाहेर पडायला 'ऑफ' दाबा. यात हमखास होणारी चूक म्हणजे ही तपासणी बंद पार्किंगमध्ये करणे. अंधारात उन्हाचा सेन्सर काहीच पाठवत नाही, २१ येतो आणि माणूस चांगला सेन्सर बदलून बसतो. गाडी उन्हात काढा, मग विचारा. इतर कंपन्यांची बटणं वेगळी. आपल्या मॉडेलचं आणि सालाचं नाव घालून शोधा.

झडपा आणि त्यांच्या मोटरी

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डच्या पोटातून घड्याळासारखी "टक् टक् टक्" आणि मग शांतता, हा मोटरीच्या प्लास्टिकच्या गिअरचा दात तुटल्याचा आवाज. मोटर झडप फिरवायला जाते, दात घसरतो, पुन्हा प्रयत्न करते.

तपासायचं असं: गाडी गरम असताना 'लो'वरून 'हाय'वर आणि परत या. झरोक्याचं तापमान काही सेकंदांत बदलायला लागलं पाहिजे. बदललं नाही तर ग्लव्ह बॉक्स काढा, मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ चालू करा आणि मोबाइल आत सरकवा. डोकं जात नाही तिथे मोबाइल जातो. कुणाला तरी तापमान बदलायला सांगा. व्हिडिओत मोटरीचा दांडा फिरताना दिसला आणि झडप हलली नाही, तर गिअर किंवा झडपेचा आस तुटलाय. दांडाच फिरत नसेल तर मोटरीपर्यंत वीज येते का ते मोजा. मोटर दोन-तीन स्क्रूंवर असते. ती काढून झडपेचा आस बोटांनी फिरवून पाहा. सहज फिरून दोन्ही टोकांना अडला तर झडप शाबूत, फक्त मोटर बदला. नुसताच गरगर फिरला तर झडप आत तुटलीय, आणि ते काम घरचं नाही.

झरोक्यांतून काळ्या स्पंजचे कण उडत असतील तर झडपांवरचा फोम झिजलाय. हवा बाजूने निसटते. जगता येतं, पण २४ पाळायला गाडीला कष्ट पडतात.

नवी मोटर लावल्यावर किंवा बॅटरी काढून जोडल्यावर चावी 'ऑन' करा आणि दोन मिनिटं एकही बटण दाबू नका. बऱ्याच गाड्या या वेळात झडपा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून त्यांच्या जागा पुन्हा शिकतात. घाईने बटणं दाबली की अर्धवट शिकलेलंच धरून बसतात. नुसत्या एवढ्या रिसेटनेही काही गाड्या सुधारलेल्या पाहिल्यात.

ब्लोअर

ऑटो एसीत ब्लोअरचा वेग बहुधा रेझिस्टरऐवजी पॉवर ट्रान्झिस्टर ठरवतो, ॲल्युमिनियमच्या पात्या असलेला एक ठोकळा. तो गेला की ब्लोअर एक तर कायम पूर्ण वेगाने चालतो, नाही तर चालतच नाही. बंद ब्लोअरला हलकी टपली मारल्यावर तो सुरू झाला, तर मोटरचे ब्रश संपलेत.

आणि आता गॅस

इतकं करून 'लो'वरही गार होत नसेल तर मग एसीवाल्याकडे जा, पण विचारायचं काय ते ठरवून जा.

२००० नंतरच्या या गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो. गाडी पूर्ण थंड, इंजिन बंद, हवा ३० अंश, अशा वेळी दोन्ही गेज साधारण ९५ ते १०० पीएसआय दाखवतात. ४०-५० दिसलं तर गॅस नक्की कमी. मात्र १०० दिसला म्हणजे गॅस भरपूर आहे, असं नाही. आत थोडासा द्रव गॅस उरला असला तरी दाब तेवढाच राहतो. म्हणून "टॉप-अप" ही अंदाजपंचे गोष्ट आहे. किती होता ते माहीत नाही, किती घातला ते माहीत नाही. जास्त झाला तरी गारवा घटतो, शिवाय कॉम्प्रेसरवर ताण. योग्य पद्धत म्हणजे उरलेला गॅस मशीनने काढून घेणे, किमान अर्धा तास व्हॅक्यूम धरून ठेवणे आणि बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तितके ग्रॅम वजन करून भरणे. आधी फोन करून विचारा: "वजनावर भरता का?"

गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. जुन्या सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, पण एका उन्हाळ्यात कमी झाला तर गळती आहे आणि ती सापडेपर्यंत भरण्यात अर्थ नाही. जोडांवर, कंडेन्सरच्या खालच्या कडेला तेलकट, धूळ चिकटलेले डाग शोधा. गाडी रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे वापरलेली असेल तर खाऱ्या हवेने कंडेन्सर आणि पाइपांचे जोड आधी पाहा. गळती कूलिंग कॉइलला आहे असं सांगितलं गेलं, तर डॅशबोर्ड उतरवण्याआधी नायट्रोजन भरून दाब उतरतो का ते दाखवायला सांगा. डॅशबोर्ड एकदा उतरला की मग त्याच मजुरीत मिक्स झडपेची मोटर, झडपांचे फोम आणि कॉइलचा सेन्सर तपासून घ्या, कारण हे सगळं त्याच पेटीत असतं. आणि गाडी ताब्यात घेण्याआधी तिथेच उन्हात उभी करून थर्मामीटर झरोक्यात खोचा: 'लो'वर पाच मिनिटं, २४ वर दहा मिनिटं. दोन्ही आकडे तारखेसकट बिलाच्या मागे लिहा आणि बिल ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा.